अपराजित राहिला म्हणून सर्वश्रेष्ठ?

मध्यम अंतर:
काल मिश्र मार्शल आर्ट्समधल्या (एमएमए) खबीब नुरमागोमेदोव्हच्या एका भक्ताने लिहिले, ‘29-0. चर्चा संपली. जो कधी हरलाच नाही, त्याची तुलना हरलेल्यांशी करणे हाच त्याचा अपमान आहे.’ एरवी मी अशा विधानांकडे दुर्लक्ष करतो. परंतु त्याच दमात याच खेळातल्या जॉर्ज सेंट-पिएरला ‘सेराकडून मार खाल्लेला’ म्हणून निकालात काढलेले पाहिले आणि राहवले नाही.

एप्रिल 2007 मध्ये मॅट सेराने सेंट-पिएरला पहिल्याच फेरीत आडवे केले, हे खरेच आहे. वर्षभराने त्याच सेराला सेंट-पिएरने दुसऱ्या फेरीत संपवले, मॅट ह्यूजचा हिशेब तर दोनदा चुकता केला, वेल्टरवेटचा किताब सलग नऊ वेळा राखला आणि चार वर्षे दूर राहिल्यानंतर 2017 मध्ये एक वजनगट वर जाऊन बिस्पिंगकडून मिडलवेटचा किताबही घेतला. खबीबने लाइटवेटचा किताब राखला तीन वेळा. मॅकग्रेगर, पॉरिए आणि गेथजी ही नावे मोठी आहेत आणि तिघांचाही शेवट त्याने सबमिशनने, म्हणजे पकडीत अडकवून केला, याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर तो थांबला. वडिलांच्या निधनानंतर घेतलेल्या त्या निर्णयाचा मी आदर करतो. मात्र ज्या लढती झाल्याच नाहीत, त्या त्याने जिंकल्या असत्या असे गृहीत धरून त्याला सिंहासनावर बसवणे मला मान्य नाही. त्याच्याच तालमीतला मखाचेव्ह 2015 मध्ये पहिल्या फेरीत बेशुद्ध पडला होता. त्याच मखाचेव्हने पुढे दोन वजनगटांचे किताब मिळवले. मग तो एक पराभव त्याला खबीबपेक्षा कमी ठरवतो का?

दुहेरी पट:
म्हणजे पडून उठणाऱ्याला गुण आणि न पडणाऱ्याच्या पदरी संशय! हा न्याय आपल्यालाच लखलाभ असो.

आपण किताब मोजता; मी वर्चस्व मोजतो. खबीब प्रतिस्पर्ध्याला जाळीला टेकवून बसवतो, त्याचे पाय आपल्या पायांत अडकवतो, एक मनगट पाठीमागून धरून ठेवतो आणि मोकळ्या हाताने मारत राहतो. हे पडद्यावर कंटाळवाणे दिसते, हे मला ठाऊक आहे. मी ग्रॅपलिंग (पकडींची झुंज) करतो आणि आमच्याकडच्या एका मुलाने ही पकड माझ्यावर घातली होती. मनगट सोडवायला वळलो की मान उघडी पडे आणि मान झाकली की तोंडावर ठोसा बसे. शेवटी मी काहीही न करता फेरी संपण्याची वाट पाहत राहिलो. मॅकग्रेगरने एक फेरी घेतली, तर त्याची बातमी झाली. आपल्या सेंट-पिएरने 2013 मध्ये हेंड्रिक्सविरुद्ध किताब कसा राखला, हे सोयीस्करपणे वगळलेले दिसते. पंचांचा कौल विभागलेला होता आणि सुजलेला चेहरा विजेत्याचा होता.

वजनकाटा:
दोघेही मुख्य लढतीबद्दल अवाक्षर काढत नाहीत, याचे आश्चर्य वाटते. खबीब विरुद्ध टोनी फर्ग्युसन ही लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. त्यांतली 2017 ची लढत खबीब वजनमापाआधी अंगातले पाणी काढून वजन उतरवताना रुग्णालयात गेल्याने मोडली. जो गडी स्वतःच्या वजनगटात सुखरूप पोहोचू शकत नाही, त्याला त्या वजनगटाचा सर्वश्रेष्ठ म्हणायचे? आदल्या दिवशी लाइटवेटच्या मर्यादेत, 155 पौंड भरायचे आणि लढतीच्या रात्री कितीतरी जड होऊन समोरच्याच्या अंगावर बसायचे, यालाच आपण वर्चस्व म्हणतो आहोत.

दुहेरी पट:
विषय खबीबच्या श्रेष्ठत्वाचा आहे, आपल्या काट्याचा नाही. वजन सगळेच उतरवतात. फर्ग्युसनही उतरवत असे.

वजनकाटा:
‘सगळेच उतरवतात’ हे वाक्य मी प्रशिक्षकाच्या तोंडूनही ऐकले आहे. हौशी स्पर्धेच्या आदल्या रात्री मला कढत पाण्याच्या टबात बसवले होते. थुंकी येणे बंद झाले, ओठ दातांना चिकटू लागले, तरी काटा हलेना. तेव्हा प्रशिक्षक म्हणाला, ‘सगळेच उतरवतात.’ दुसऱ्या दिवशी पहिला ठोसा कोणी मारला, हे मला आजही आठवत नाही. डिसेंबर 2015 मध्ये यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा लढवय्या वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या लढती भरवणाऱ्या संस्थेने शरीरातील पाण्याची चाचणी सुरू केली. खबीब आणि सेंट-पिएर जिथे लढले त्या यूएफसीमध्ये मात्र आजही तोच टब आणि तोच काटा आहे.

स्प्लिट डिसिजन:
आपल्या अनुभवाबद्दल सहानुभूती आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. वजन मर्यादेत न उतरवल्याची शिक्षा यूएफसीमध्येही होतेच. 2022 मध्ये लाइटवेट विजेता ऑलिव्हेराचे वजन केवळ अर्धा पौंड जास्त भरले, त्याचा किताब काढून घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने गेथजीला पहिल्याच फेरीत गुंडाळले.

वजनकाटा:
शिक्षा न उतरवल्याची होते. मी उतरवण्याबद्दल बोलतो आहे. वाचून उत्तर द्यावे, ही विनंती.

मध्यम अंतर:
वजनाचा मुद्दा मूळ वादाशी एका ठिकाणी जोडलेला आहे, म्हणून तेवढाच घेतो. एप्रिल 2018 मध्ये फर्ग्युसन स्टुडिओतल्या वायरला अडखळून गुडघा दुखावून बसला. त्याच्या जागी आलेल्या हॉलोवेला वजन उतरवण्यास अपात्र ठरवून थांबवले गेले. शेवटी ऐन वेळी आयाक्विंटाला उभे केले. त्याचे वजन 155.2 भरल्यामुळे तो नियमाप्रमाणे किताबासाठी पात्रही नव्हता. खबीबच्या कमरेला पट्टा आला तो त्या रात्री. ‘चर्चा संपली’ म्हणणाऱ्यांनी ती रात्र एकदा आठवावी.

दुहेरी पट:
ऐन वेळी प्रतिस्पर्धी बदलला, हा खबीबचा दोष कसा? तरीही आपल्या समाधानासाठी आयाक्विंटाची लढत मी बाजूला ठेवतो; बाकीचे 28 विजय तेवढे राहू द्यावेत, ही नम्र विनंती. आणि मखाचेव्हबद्दल म्हणाल, तर तो दोन वजनगटांत खेळला म्हणून त्याची कारकीर्द अधिक भरीव आहे, इतपत मी मान्य करीन. ‘अधिक श्रेष्ठ’ मात्र म्हणणार नाही. आता टाळाटाळ न करता एवढेच सांगा, हेंड्रिक्सच्या लढतीची पहिली फेरी आपण कोणाला दिली होती?

मध्यम अंतर:
सेंट-पिएरला, दहा-नऊ गुणांनी. आता आपण सांगा, 2012 च्या लढतीत खबीब ग्लेसन टिबाऊला एकदाही खाली आणू शकला नव्हता, तरीही पंचांनी तिन्ही फेऱ्या खबीबला दिल्या होत्या. आपण किती दिल्या होत्या?

दुहेरी पट:
दोन.