शब्दचर्चा: निर्वासित, आश्रयार्थी, स्थलांतरित... आणि 'पुशबॅक'ला मराठीत काय म्हणावं?

कोशकीटक: 'रेफ्युजी', 'असायलम सीकर' आणि 'मायग्रंट' ह्या तिघांनाही मराठी बातम्यांत सरसकट 'निर्वासित' म्हणतात, आणि दोन ओळी खाली तेच लोक 'घुसखोर' होतात. युरोपीय कायद्यात तिघांचे हक्क वेगळे आहेत. कुठे कोणता शब्द वापरावा? 'पुशबॅक'लाही, म्हणजे सीमेवरून किंवा समुद्रातूनच लोकांना परत लोटण्यालाही, शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ: 'निर्वासित' म्हणजे राहत्या जागेतून बाहेर काढला गेलेला. बळजबरी शब्दातच आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आली तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. त्याला कायद्याची व्याख्या चिकटलेली नव्हती. १९५१ च्या जिनिव्हा करारातली व्याख्या अरुंद आहे. माणूस मायदेशाबाहेर हवा, आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत ह्यांपैकी एका कारणाने छळ होण्याची साधार भीती हवी. गरिबी त्यात बसत नाही. युद्धसुद्धा आपोआप बसत नाही.

'स्थलांतरित' हा सर्वांत ढगळ शब्द: ऊसतोड कामगार, पक्षी, बंगळुरूला गेलेला इंजिनिअर, सगळे मावतात. कारण ठाऊक नसेल तर तोच सुरक्षित. 'शरणार्थी' मात्र हिंदीतून आलेला. मराठी कानाला 'शरण' म्हटलं की शरणागती तरी आठवते नाहीतर विठोबा.

भाषांतरू: 'असायलम सीकर'ला 'आश्रयार्थी' बरा, कायदेशीर मजकुरात 'आश्रय-अर्जदार' अधिक नेमका. पण 'अर्ज मंजूर झाला आणि तो निर्वासित झाला' असं लिहू नये. मंजुरीने माणूस निर्वासित होत नाही. तो आधीपासून असतो, सरकार ते मान्य करतं. म्हणून 'दर्जा दिला'पेक्षा 'दर्जा मान्य केला'.

'बेकायदा निर्वासित' तर वदतोव्याघातच. कराराचं कलम ३१ सांगतं की जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात असलेल्या प्रदेशातून थेट आलेल्या निर्वासिताला कागदपत्रांविना शिरल्याबद्दल शिक्षा करू नये, जर तो विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि सबळ कारण दाखवलं तर.

वकिली मराठी: सहमत. त्याहून घातक गोंधळ 'अर्ज फेटाळला' ह्या दोन शब्दांत होतो. युरोपात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एकीत अर्ज तपासून नाकारतात: हा 'फेटाळला'. दुसरीत 'तुम्ही अमुक सुरक्षित तिसऱ्या देशात संरक्षण मागू शकता' असं म्हणून छळाची कहाणी ऐकतच नाहीत: हा 'दाखलच करून घेतला नाही'. कोर्टाच्या मराठीत हा भेद रोजचा आहे, बातम्यांत का हरवतो कळत नाही. 'फेटाळला' वाचलं की वाटतं, माणूस खोटा ठरला.

ह्याला जोडूनच 'सुरक्षित तिसरा देश' आणि 'सुरक्षित मूळ देश' ह्यांची सरमिसळ होते. मूळ देश सुरक्षित मानला तरी अर्ज तपासावाच लागतो, फक्त झटपट, आणि 'माझ्यापुरता तो सुरक्षित नाही' हे दाखवण्याचं ओझं अर्जदारावर येतं. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सुचवलेल्या सुरक्षित मूळ देशांच्या यादीत बांगलादेश, इजिप्त, ट्युनिशिया आदींबरोबर भारतही होता. म्हणजे त्या यादीचा अर्थ 'भारतीयांना अर्ज करता येणार नाही' असा होत नाही.

कोशकीटक: आणि पुशबॅक? 'परतपाठवणी' वाचलंय.

शब्दवेल्हाळ: पाठवणी लेकीची करतात! 'परस्पर परत धाडणे' कसं वाटतं? 'परस्पर'मध्ये नेमकं तेच आहे: विचारपूस नाही, अर्ज नाही, नोंद नाही.

वकिली मराठी: +१. ६ मे २००९ चं उदाहरण चपखल. लाम्पेदुसा ह्या इटालियन बेटाच्या दक्षिणेला ३५ सागरी मैलांवर इटलीच्या जहाजांनी बोटींतल्या लोकांना उचललं आणि नावंगावं न विचारता लिबियातल्या त्रिपोलीला उतरवलं. त्यांतल्या ११ सोमाली आणि १३ एरिट्रियन लोकांच्या दाव्यात स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ ला इटलीला दोषी धरलं. खोल समुद्रात असलं तरी जहाजावर ताबा इटलीचा, म्हणून जबाबदारीही इटलीची. लिबियातून त्यांना पुढे सोमालिया-एरिट्रियाला धाडलं जाण्याचा धोकाही धरला. तेव्हा 'नॉन-रिफूलमां'ला 'मायदेशी न पाठवण्याचं तत्त्व' म्हणणं अपुरं. धोका कुठल्याही देशात असू शकतो. लांबलं तरी चालेल, 'छळाच्या तोंडी परत न देण्याचं तत्त्व' लिहा.

भाषांतरू: आश्रयाचा अर्ज युरोपातल्या कोणत्या देशाने तपासायचा हे डब्लिन नियमावली ठरवते. तिच्यातल्या 'डब्लिन ट्रान्सफर'ला 'हद्दपारी' नको; आपल्याकडे तडीपार गुंड हद्दपार होतात. 'हस्तांतरण' जमिनीचं. 'रवानगी' ठीक: ज्या देशावर अर्ज तपासण्याची जबाबदारी, तिकडे रवानगी.

इथे 'फरार' हा शब्द फार जपून. २०१३ च्या डब्लिन नियमावलीत जबाबदार देशाने होकार दिल्यापासून साधारण ६ महिन्यांत रवानगी झाली नाही तर जबाबदारी रवानगी करू पाहणाऱ्या देशावर येते. तुरुंगात असेल तर १२ महिने, 'अबस्काँड' (बातम्यांतला 'फरार') झाला तर १८. २०२४ च्या नव्या नियमावलीत 'अबस्काँड'साठीची हीच मुदत ३ वर्षं. आणि हा शिक्का केवळ मुक्कामाची जागा न कळवता सोडल्यानेही बसू शकतो, फक्त कळवण्याचं बंधन त्याला आधी सांगितलेलं हवं, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने १९ मार्च २०१९ ला म्हटलं. मराठीत फरार असतो तो आरोपी. 'ठावठिकाणा न कळवता गेलेला' लिहावं.

कोशकीटक: 'सब्सिडियरी प्रोटेक्शन'ला 'दुय्यम' की 'पूरक'?

वकिली मराठी: 'पूरक' गोड आहे, पण 'दुय्यम' खरा. देहदंड, यातना किंवा सरसकट हिंसाचाराचा धोका आहे पण वरच्या पाच कारणांत बसत नाही, अशांसाठी हे संरक्षण. २०११ च्या निर्देशानुसार निर्वासिताला किमान ३ वर्षांचा वास्तव्य परवाना, ह्यांना किमान १ वर्षाचा. जर्मनीने २०१६ ते २०१८ ह्यांचंच कुटुंब बोलावणं थांबवलं, मग महिन्याला १००० व्हिसांची मर्यादा घातली, आणि जुलै २०२५ पासून २ वर्षांसाठी पुन्हा थांबवलं. बायकापोरं सीरियात अडकलेल्याला 'पूरक' काय सांगणार?

शब्दवेल्हाळ: अवांतर: १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. तेव्हा आश्रय मागणारे युरोपीय होते, इतकंच.

भाषांतरू: एक राहिला. युरोपीय संघाच्या स्थलांतर आणि आश्रयाविषयीच्या २०२४ च्या करारसंचात सीमेवर ७ दिवसांपर्यंत 'स्क्रीनिंग' आहे: ओळख, आरोग्य, सुरक्षा, बोटांचे ठसे. 'छाननी' चालेल. पण त्या काळात माणूस प्रत्यक्ष इटलीच्या जमिनीवर उभा असला तरी त्याला देशात प्रवेश दिलेला नाही असं कायदा धरून चालतो. ह्याला काय म्हणायचं?

वकिली मराठी: 'मानीव अप्रवेश'. सोसायटीच्या 'मानीव अभिहस्तांतरणा'मागे धावलेल्या कोणालाही 'मानीव' समजावून सांगावं लागणार नाही.