माझ्या स्क्रीनवर मोरपंखी, मालकांच्या मोबाइलवर निळा. मॉनिटर बदलू का?

सोलापुरी_शटर:
मंडळी, अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराई उरकली की टॉवेल-चादरींचे कॅटलॉग करतो. मागच्या आठवड्यात एका कारखान्याचे ४० टॉवेल शूट केले. मालकांनी फोटो मोबाइलवर बघितले, खरा टॉवेल टेबलावर आपटला आणि म्हणाले, "हा मोरपंखी हाय बे, तू निळा करून ठेवलास!" माझ्या स्क्रीनवर तर अगदी मोरपंखीच. रात्री जागून, टॉवेल शेजारी धरून जुळवलेला. त्यात लग्नाचे अल्बमही लॅबमधून काळपट येतात. मॉनिटर २४ इंची आयपीएस, पाच वर्षं जुना. नवा घ्यायचा म्हणजे एका लग्नाची कमाई जाणार.

अल्बमवाला_काका:
थांब, पैसे खर्चू नकोस. ब्राइटनेस कितीवर आहे? १०० वर असेल तर अल्बम काळे येणारच, लॅबला शिव्या देऊ नकोस. स्क्रीनवर कोरी पांढरी फाइल उघड, शेजारी कोरा कागद धर. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी वाटली तर उजेड जास्त आहे. प्रिंटसाठी १०० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, ब्राइटनेसचा आकडा नव्हे) आसपास पुरतात, बहुतेक मॉनिटर २५० च्या वर जातात.

सोलापुरी_शटर:
काका, १०० वरच होता. २५ वर आणलाय. दिवे गेल्यासारखं वाटतंय.

अल्बमवाला_काका:
चार दिवसांत सवय होईल.

शेडकार्ड:
मी डाइंगमध्ये शेड मॅचिंग करते, म्हणून विचारते. टॉवेल कसल्या उजेडात धरलात? आमच्याकडे लाइट बॉक्स असतो, वेगवेगळ्या दिव्यांखाली रंग बघायची पेटी. डी-६५ खाली, म्हणजे दिवसासारख्या उजेडात, तंतोतंत जुळलेले दोन तुकडे दुकानाच्या टीएल-८४ ट्यूबखाली वेगळे निघतात. रोजचं भांडण आहे ते. स्वस्त एलईडीखाली डोळ्यांनी जुळवलेल्या रंगावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि पांढऱ्या टॉवेलांना ऑप्टिकल ब्राइटनर (जास्त पांढरं दिसावं म्हणून लावतात ते रसायन) लावलेला असतो, फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी तो निळसर चमकतो. त्यात मॉनिटरचा काही दोष नाही.
मॉनिटरसाठी कलरिमीटर, म्हणजे स्क्रीनचा रंग मोजणारं यंत्र, कुणाकडून तरी मागून आणा. आधी अर्धा तास स्क्रीन चालू ठेवा. लक्ष्य ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा; आकडा कमी तितका पांढरा पिवळट), गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२, उजेड काकांनी सांगितला तेवढा. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शेवटी प्रोफाइल, म्हणजे स्क्रीनचे रंग दुरुस्त करणारी फाइल, करून देतं. फोटो एसआरजीबीमध्येच (मोबाइल-वेबवर चालणारी रंगांची ठरलेली हद्द) एक्स्पोर्ट करा. आणि हो, विंडोजची नाइट लाइट, रात्री स्क्रीन पिवळट करणारी सोय, बंद आहे ना?

सोलापुरी_शटर:
ताई, हसू नका. नाइट लाइट संध्याकाळी सातनंतर आपोआप चालू होत होती. डोळे दुखतात म्हणून मीच कधीतरी लावून ठेवलेली. आणि मी एडिटिंगला बसतो जेवण झाल्यावर, दहानंतर. म्हणजे स्क्रीन पिवळी, त्यात मोरपंखी हिरवट दिसायचा, म्हणून मी निळा ढकलत बसायचो. मालकांच्या मोबाइलवर तोच ढकललेला निळा उघडा पडला.

अल्बमवाला_काका:
😂 माझ्याकडे एक नवरी अशीच जांभळी होऊन आली होती.

सोलापुरी_शटर (चार दिवसांनी):
होटगी रोडच्या मित्राकडून कलरिमीटर आणला. नाइट लाइट बंद करूनही पांढरा ५९०० केल्विनच भरला, म्हणजे पॅनलही थोडं पिवळावलंय. प्रोफाइल लावलं, ग्रे कार्ड (रंग जुळवायला फोटोत ठेवायचं राखाडी कार्ड) ठेवून ४० च्या ४० परत केले. ३९ पास. मोरपंखी आता निळा नाही, पण खऱ्या टॉवेलापुढे जरा फिका पडतो.

शेडकार्ड:
तो पडणारच. इतका गडद हिरवा-निळा एसआरजीबीच्या हद्दीत पुरता मावत नाही. स्लायडरशी झटापट करू नका, फोटोसोबत टॉवेलाचा तुकडा पाठवा.

सोलापुरी_शटर:
मालकांना सांगितलं. म्हणाले, "तुकडा कशाला, अख्खा टॉवेल ने की." मोरपंखी टॉवेल आता माझ्या खुर्चीवर आहे.