कोंबडीची ३ दिवसांची पिल्लं खाद्य सोडून भुसाच टोचून राहिली, काय करू?

पारोळ्याचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच ६० गावरान पिल्लं आणली, आज तिसरा दिवस. पत्र्याचं चिकगार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कुंपण), खाली लाकडाचा भुसा, वर १०० वॅटचा बल्ब. भांड्यात स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) भरून ठेवलंय पण त्याकडं पाच-सातच जातात, बाकीची भुसा टोचतात, पत्र्यावरचे खिळे टोचतात, एकमेकांची बोटंसुद्धा. काल एकाला सुतळीचा तुकडा सापडला तर तो घेऊन पळत सुटला आणि दहा-बारा जण त्याच्या मागं. उपाशी आहेत की आजारी, काही समजत नाही, रात्री दोनदा उठून बघतो.

तापीकाठ_चोपडा:
घाबरू नको भो, आजार नाही हा. पिल्लाला हात नाहीत, जे दिसेल ते चोचीनंच तपासणार. त्यात गोल, बारीक, चमकणारं काही दिसलं की आधी तिकडंच. खाणं कोणतं हे ते टोचून टोचूनच शिकतं आणि अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो त्यावर पहिले दोन-तीन दिवस निघतात, म्हणून सुरुवातीला भुसा टोचला तरी तग धरतात, पण आज तिसरा दिवस म्हणजे तो साठा संपत आला, आता पोटात खाद्यच गेलं पाहिजे. भुशावर कागद अंथर, त्यावर मक्याचा बारीक भरडा आणि स्टार्टर पसर. गुळगुळीत पेपर नको, पाय घसरून फाकतात. दादर (ज्वारी) द्यायची असेल तर दळूनच. ती सुतळी आधी काढ, गिळली तर अडकते. पळापळीचं म्हणशील तर एकाच्या चोचीत लांबडं काही दिसलं की बाकीच्यांना अळीच वाटते, म्हणून धावतात.

अमळनेरची_ताई:
दादा, कोंबडी काय करते बघा, दाण्यावर चोच आपटते आणि टुक टुक आवाज काढते, की पिल्लं धावत येतात. ब्रूडरमध्ये (बल्बच्या उबेत पिल्लं ठेवतो तिथं) आई नाही म्हणून ते काम आपलं. मी बोटाच्या नखानं कागदावर टकटक करते, दोन-चार आली की बाकीची त्यांचं बघून येतात. दोन-चार पिल्लांची चोच पाण्यात हलकेच बुडवा, तीच बाकीच्यांना शिकवतात. रात्री छातीजवळची खाद्याची पिशवी चाचपून बघा. भरलेली आणि मऊ लागली तर खाणंपाणी दोन्ही झालंय, कडक लागली तर पाणी कमी पडतंय. रिकामी असलेली वेगळी काढून खाऊ घाला.

यावल_केळीवाला:
आधी तापमान बघ. आपल्याकडं दिवसा ऊन आणि रात्री थंडी, एकाच बल्बवर भागत नाही. पहिला आठवडा बल्बखाली ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला ३ अंशानं कमी. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असली तर थंडी वाजतेय, कडेला सरून चोच उघडून धापत असली तर गरम होतंय. थंडीनं गारठलेलं पिल्लू खाद्याकडं जातच नाही. दुसरं म्हणजे बोटं टोचणं, तिथं लक्ष दे, बहुतेक वेळा भांडी कमी पडतात. रक्त दिसलं की सगळी त्याच्यावर तुटून पडतात, जखमी पिल्लू लगेच बाजूला काढ.

पारोळ्याचा_शेतकरी:
ताई, नखानं टकटक केलं आणि खरंच आली हो! पोरगी तर तासभर तिथंच बसून टकटक करत होती. कागद टाकला, दुसरा बल्ब लावला, दोन भांडी वाढवली. आता रात्री चाचपलं तर चार पिल्लांच्या पिशव्या रिकाम्या लागल्या, ती खोक्यात वेगळी ठेवलीत. त्यांना गूळपाणी चालेल का?

अमळनेरची_ताई:
चालेल, पातळ करून, फक्त आजच्या दिवस. उद्या साधं पाणी, आणि त्या खोक्यात एक चांगलं खाणारं पिल्लू सोबत ठेवा.