झोपेत दात खाणं : मऊ गार्ड, कडक गार्ड, की आधी आणखी काही?

रानजाई
नवऱ्याचं वय ४३. झोपेत कराकरा दात खातो, शेजारच्या खोलीत ऐकू येतं. सकाळी दोन्ही कानशिलं ठणकतात, तासाभरात उतरतं. डावीकडच्या खालच्या पहिल्या दाढेचा कोपरा उडालाय, सुळ्यांची टोकं सपाट झालीत. उताणा झोपला की घोरतो. संध्याकाळी सातनंतर दोन कप चहा असतो. आठ महिन्यांपासून सर्ट्रालिन (नैराश्य-चिंतेवरचं औषध) ५० मिलिग्रॅम चालू आहे.

दंतवैद्यांनी मऊ नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं आवरण, सुचवलाय. गरम पाण्यात बुडवून चावायचे तयार गार्ड ऑनलाइनही दिसतात. कोणता घ्यावा?

दुसरं, सहा वर्षांचा मुलगाही दात खातो. सासूबाई म्हणतात जंत झालेत. औषध द्यावं का? त्यालाही गार्ड लागेल का?

दाढदुखी_तज्ज्ञ
ताई, आधी गार्डचं बोलू, कारण पैसे तिथेच वाया जातात.

गार्डने दात खाणं थांबेलच असं नाही. स्नायू रात्री तितक्याच जोराने आवळू शकतात. फरक एवढाच की दातावर दात घासायच्या ऐवजी गार्ड झिजतो. मूळ कारण दातांत नसतंच. झोप मध्येच ३ ते १५ सेकंद उथळ होते, माणसाला ते आठवतही नाही. त्या वेळी आधी हृदयाचे ठोके वाढतात आणि मग चावण्याचे स्नायू सेकंदाला साधारण एकदा अशा लयीत आवळायला लागतात. पूर्वी 'चावा बरोबर बसत नाही म्हणून दात खातो' असं मानून उंच वाटणारे दात घासून कमी करायचे. ते आता मागे पडलंय. त्यासाठी कुणी चांगले दात घासायला निघालं तर स्पष्ट नको म्हणा. गेलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही.

झीज कशाची आहे ते घरीही बघता येतं. उजेडात आरशासमोर उभं राहून खालचा जबडा हळूहळू एका बाजूला सरकवायला सांगा. वरच्या सुळ्याचा सपाट, चकाकता भाग खालच्या सुळ्याच्या तशाच भागावर तंतोतंत बसला, तर झीज घासण्याची. दाढेच्या टोकांवर वाटीसारखे खळगे आणि गोलसर गुळगुळीत कडा असतील तर आम्लाची, म्हणजे घशाशी येणाऱ्या पित्ताची किंवा रोजच्या कोल्ड्रिंकची. हिरडीलगत खाच असेल तर बहुतेक मिशरी किंवा कडक ब्रश. जिभेच्या कडेला दातांचे ठसे आणि गालाच्या आतून पांढरी रेघ दिसली तर आवळण्याची शंका वाढते. पण झीज आताची की दहा वर्षांपूर्वीची, हे नुसत्या दातावरून कळत नाही. तुमच्याकडे आताचे पुरावे दोन: आवाज आणि सकाळची कानशिलं.

कोपरा उडालेल्या दाढेचं काम गार्डच्या आधी करून घ्या. तिच्यावर कडक काही चावून सोडताना कळ येते का, हे दंतवैद्यांना तपासायला सांगा. येत असेल तर आत तडा असू शकतो आणि कॅप लागू शकते. आज गार्ड केला आणि महिन्याने कॅप बसवली, तर त्या दाढेचा चावा गार्डवर नीट बसणार नाही.

प्रकार विचाराल तर कडक ॲक्रिलिकचा (एक प्रकारचं प्लास्टिक), वरच्या जबड्याचे सगळे दात झाकणारा. मऊ गार्ड पहिल्या दिवशी सुखाचा वाटतो, पण काही जण तो च्युइंगमसारखा चावत राहतात. १९८७च्या एका छोट्या अभ्यासात कडक गार्डने १० पैकी ८ जणांच्या स्नायूंची रात्रीची हालचाल घटली, मऊ गार्डने ५ जणांची उलट वाढली. दहाच माणसं, म्हणून ती काळ्या दगडावरची रेघ नाही. पण इतका जोर करणाऱ्याला मी मऊ देणार नाही. गरम पाण्याचा तयार गार्ड जाड असतो, चावा एकसारखा बसत नाही आणि बऱ्याचदा शेवटची दाढ उघडी राहते. उघडा राहिलेला दात काही महिन्यांत वर सरकू शकतो. खरा गार्ड तयार होईपर्यंत आठ-पंधरा दिवस ठीक, त्यापुढे नको. फक्त पुढचे दात झाकणारा छोटा गार्ड मिळतो, त्यातही हाच धोका.

प्लास्टरचे_हात
लॅबच्या बाजूने थोडं. गार्ड बिघडतो तो बहुतेक वेळा माप घेतानाच. अल्जिनेटचं (दातांचा ठसा घ्यायच्या ओल्या लगद्याचं) माप उघड्यावर राहिलं की पाणी सोडून आकसतं. ते ओल्या कापसात ठेवावं आणि पंधरा मिनिटांच्या आत प्लास्टर ओतावं. संध्याकाळी लॅबचा माणूस येऊन माप नेणार असेल तर सिलिकॉनचं माप किंवा स्कॅन बरा.

चाव्याची नोंद, म्हणजे वरचे-खालचे दात कसे जुळतात त्याचा ठसा, तोंड किंचित उघडं ठेवून घ्यावी लागते, मागच्या दाढांमध्ये दीड ते दोन मिलिमीटर जागा राहील इतपत. दात पूर्ण मिटवून घेतलेली नोंद आली की आम्हाला चावा अंदाजाने उघडावा लागतो, आणि मग गार्ड मागे उंच आणि पुढे मोकळा होतो. उष्णतेने पक्कं केलेलं ॲक्रिलिक सावकाश थंड करावं लागतं. घाई केली की वाकतं.

बसवताना खुर्चीतच तीन गोष्टी बघा. गार्ड हलक्या दाबाने 'टक्' बसला पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर डुलता कामा नये. मग रंगीत कागद चाववतात, तेव्हा दोन्ही बाजूंना खालच्या सगळ्या दाढांचे ठिपके सारख्या गडदपणाचे उमटायला हवेत. जबडा बाजूला सरकवला की त्या बाजूच्या सुळ्यानेच भार घ्यावा आणि खालच्या दाढा गार्डपासून सुटाव्यात. खालचे दात टेकतात तो गार्डचा पृष्ठभाग सपाट हवा. खालच्या दातांचे खोल खळगे असतील तर जबडा त्यात अडकतो.

पहिले दोन-चार दिवस लाळ जास्त सुटते, काढल्यावर दात घट्ट वाटतात. ते चालतं. एकाच बाजूचा सांधा किंवा एकच दात दुखत असेल तर गार्ड तिथे उंच आहे, सवय होईल म्हणून थांबू नका. एक-दोन आठवड्यांनी चावा पुन्हा तपासून घ्यावा, पुढे दर सहा महिन्यांनी.

निद्रानोंद
वरचं सगळं पटलं, पण इथे मी माप घेण्याच्या आधी घोरणं तपासेन. श्वास अडकतो, झोप उथळ होते आणि दात खाल्ले जातात, अशी जोडी बऱ्याच जणांत दिसते. शिवाय वरच्या जबड्याचा साधा गार्ड घातल्यावर काही जणांचा श्वास आणखी अडकतो. म्हणजे दात वाचवायला जावं आणि झोप बिघडावी.

दोन-तीन रात्री उशाजवळ फोनवर आवाज रेकॉर्ड करा. घोरणं, मग १० सेकंद किंवा जास्त शांतता, मग हुंदक्यासारखा श्वास आणि लगेच करकर, असा क्रम ऐकू येतो का? सकाळी तोंड कोरडं, दिवसा पेंग, रक्तदाब, रात्री लघवीला उठणं, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, यातलं दोन-तीन असेल तर झोपेची तपासणी करा. ती घरी यंत्र लावूनही होते. तासाला श्वास अडकण्याचे प्रसंग ५पर्यंत साधारण ठीक, १५च्या वर मध्यम, ३०च्या वर तीव्र. तसं निघालं तर खालचा जबडा पुढे धरणारं साधन किंवा हवेच्या दाबाचं यंत्र लागेल, साधा गार्ड नाही.

सर्ट्रालिनच्या गटातल्या औषधांनी दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं, हे माहीत असलेलं आहे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत करकर वाढली का, तारखा आठवून लिहून न्या आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. मात्रा कमी करणं, औषध बदलणं किंवा बस्पिरोन (चिंतेवरचं दुसरं औषध) जोडणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. स्वतःहून एकदम बंद करू नका. चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं आणि मूळ आजार उलटू शकतो.

चहा: कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. सातचा चहा बाराला निम्मा अंगात असतो. दुपारी तीननंतर बंद करून बघा. दारू आणि तंबाखूनेही वाढतं.

दुधाचे_दात
मुलाबद्दल. जंतांमुळे दात खातात हे घरोघरी म्हणतात, पण तसं सिद्ध झालेलं नाही. जंतनाशक द्यायला हरकत नाही, ते वेगळ्या कारणासाठी द्यायचंच असतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या मोहिमेत शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी देतात. त्याने घेतली का ते शाळेत विचारा. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तशा जंतांत दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांना औषध घ्यावं लागतं, नाहीतर एकाचे दुसऱ्याला होत राहतात.

गार्ड नको. सहाव्या वर्षी दुधाचे दात पडतायत, पक्क्या दाढा येतायत, जबडा वाढतोय. आज बसणारा गार्ड थोड्याच महिन्यांत अडायला लागेल. बहुतेक मुलांचं हे पक्के दात आल्यावर आपोआप कमी होतं. तुम्ही रात्री एवढंच बघा: तोंड उघडं टाकून झोपतो का, मान मागे टाकतो का, घोरतो का, अंथरूण ओलं होतं का. असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड तपासून घ्या.

रानजाई
खूप आभार. आजच रेकॉर्डिंग लावते. नवरा दिवसाही संगणकासमोर जबडा आवळतो. त्याला काय करावं? स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दलही ऐकलंय. आणि गार्ड रोज गरम पाण्याने धुवायचा का?

दाढदुखी_तज्ज्ञ
दिवसाचं आवळणं सवयीने सुटतं, आणि कानशिलं दुखण्यात त्याचा वाटा मोठा असू शकतो. 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती ठेवायची. ओठ मिटलेले, दात सुटे. नुसतं बसल्यावर दात टेकलेले असायचं कारणच नाही. संगणकाच्या कडेला रंगीत टिकली चिकटवा. नजर गेली की दात टेकलेत का बघायचं आणि सोडायचे. झोपण्याआधी गालावर आणि कानशिलावर १० ते १५ मिनिटं कोमट शेक. सुपारी आणि च्युइंगम बंद.

बोटॉक्स मी शेवटी ठेवेन. त्याने आवळण्याचे प्रसंग फारसे घटत नाहीत, जोर घटतो, आणि परिणाम तीन-चार महिनेच टिकतो. चावायला अशक्तपणा येतो, औषध शेजारच्या स्नायूत गेलं तर हसू वाकडं होतं.

प्लास्टरचे_हात
गरम पाणी अजिबात नको, ॲक्रिलिक वाकतं. टूथपेस्टही नको, तिने ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. थंड पाणी, भांड्यांचा थेंबभर साबण, मऊ ब्रश. वाळवून भोकाच्या डबीत ठेवा, कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशा जागी. महिन्या-दोन महिन्यांनी उजेडात तिरका धरून बघा: जिथे घासतो तिथे चकाकत्या रेघा दिसतील. एका जागी नख अडकेल इतकी खाच पडली किंवा आरपार भोक दिसलं, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता दाखवा.