पाला भरघोस, बटाटे गोटीएवढे

जानेवारीअखेर लावलेल्या बटाट्याला पाला भरपूर आला आणि खाली गोट्याच निघाल्या, यात तुमच्या मातीचा दोष नाही. रात्री १५-२० अंशांच्या आसपास गारवा असेल तरच बटाटे नीट धरतात. मुंबईत तो डिसेंबर-जानेवारीतच मिळतो, म्हणून लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं 'कुफरी सूर्या' हे वाण उष्णता सोसतं; मिळालं तर तेच घ्या.

बाजारातला बटाटाही चालेल, पण कोंब आलेला. फोड साधारण ४० ग्रॅमची, किमान दोन डोळ्यांची. कापून दोन दिवस सावलीत सुकवा, नाहीतर आपल्या दमट हवेत ती मातीत कुजते. १५ इंची ग्रो बॅगेत दोनच फोडी. बॅग तिसरा हिस्सा भरून लावा, रोप वीतभर झालं की शेंडा उघडा ठेवून माती चढवत जा. उजेड लागून हिरवा झालेला बटाटा खायचा नाही. युरिया नको, नुसता पाला माजतो.

६५-७० दिवसांनी कडेनं हात घालून चाचपा. अंगठ्यानं साल सुटली की कोवळा समजा. मोठे तेवढे काढून माती परत लोटा. हे टिकत नाहीत, चार दिवसांत संपवा.