गावातल्या लग्नाची नोंद : शोधताना आणि करताना आलेले अनुभव

बाबा जानेवारीत गेले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांत एक ओळ होती : विवाहाचा पुरावा जोडावा. आई-बाबांचं लग्न 1979 चं, शिराळा तालुक्यातल्या आजोळी, दारात मांडव घालून झालेलं. पत्रिका हरवली होती. फोटो एकच, तोही काकांच्या घरी, आणि त्यात आईचं तोंड पदरात झाकलेलं.

गावच्या जुन्या नोंदी तहसीलमध्ये असतात असं कुणी सांगितलं म्हणून अभिलेख कक्षात गेले. एका सज्जन कर्मचाऱ्यांनी कोतवाल बुकाचे गठ्ठे काढून दिले. दोन दिवस मोडी आणि बाळबोध अक्षरांत डोळे घातले. आईच्या थोरल्या भावाचा जन्म सापडला, पणजीचा मृत्यू सापडला, लग्न काही सापडेना. मग तेच म्हणाले, "ताई, हा गाव नमुना 14. ह्यात माणूस आला आणि गेला एवढंच लिहितात. लग्न ह्यात नसतंच." विवाह नोंदणीचा 1953 चा कायदा मुंबई राज्याचा होता, पण आमच्या भागात मांडवातून उठून कुणी नोंद करायला जात नसे.

शेवटी बाबांच्या सेवापुस्तकातल्या नामनिर्देशनाच्या पानावर 1983 मध्ये त्यांनी स्वतःच्या अक्षरात आईचं नाव लिहिलेलं निघालं, 'पत्नी' असं नातं घालून. त्यावर काम झालं. पण चार महिने आईला 'तुम्ही त्यांच्या कोण' हे सिद्ध करावं लागलं, ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा धागा. नोंद शोधली असेल, केली असेल, अडली असेल, तर लिहा. तालुका, कोणता कागद चालला, कोणता परत आला, सगळं लिहा.

पाणंद
आमची नोंद यंदाचीच आहे. ग्रामपंचायतीत 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते, ग्रामसेवकच विवाह निबंधक. (पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून 'भाऊसाहेब'च.) नमुना 'ड' भरायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, आधार, पत्रिका, लग्नाचा फोटो आणि तीन साक्षीदार.

अडलं ते भटजींच्या सहीवर. अर्जात लग्न लावणाऱ्याचं नाव, पत्ता, सही लागते. आमचे भटजी वारीला निघून गेले होते, ते आषाढी करून परत येईपर्यंत अर्ज कपाटात. म्हणून सांगतो, अर्ज आधीच आणून ठेवा आणि अक्षता पडल्या की मांडवातच सही घ्या. तिन्ही साक्षीदारही तिथंच असतात.

दुसरं, बायकोचं नाव लग्नाआधीचं कसं लिहायचं ते तिच्या दाखल्यावर बघून लिहा. प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्हीत येतं आणि इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी जुळलं नाही तर पुढं रडायची वेळ. आमच्यात आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, छापायच्या आधी पडद्यावर दाखवा म्हटलं म्हणून सापडलं.

आडवाट
धागाकर्त्या ताई, आजोळचे लोक त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला कधी गेले होते का विचारा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या, आडनावांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते बरोबर वही काढतात. माझ्या पणजोबांचं लग्न कधी झालं ते घरात कुणाला माहीत नव्हतं. वहीत त्यांच्या दोन नोंदी निघाल्या. पहिल्या यात्रेत एकटे, चार वर्षांनी 'सहकुटुंब', पणजीचं माहेरचं नाव आणि गावासकट. म्हणजे लग्न त्या चार वर्षांतलं.

पेन्शनच्या फाइलीत असला कागद चालेल असं म्हणत नाही. पण पणजीचं माहेर कळल्यावर तिथले लोक शोधता आले आणि त्यांच्या देवघरातल्या पेटीत लग्नाच्या आहेराची यादी मिळाली, मितीसकट. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, त्यांच्याकडेही वंशावळी असते. तुमचं शिराळा त्याच पट्ट्यात येतं.

सोनकी
माझं आंतरजातीय. विशेष विवाह कायदा, 1954. जिल्ह्याच्या ठिकाणी विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात आधीचे किमान 30 दिवस राहिलेलं पाहिजे. नोटीस लागल्यावर आणखी 30 दिवस थांबायचं.

हे 30 दिवस शहरातल्या माणसाला कळणार नाहीत. आमच्या तालुक्यातला एक जण दुसऱ्याच कामाला त्या कार्यालयात गेला, फलकावर आमची नावं वाचली, फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. माझा फोन भावानं काढून घेतला. मैत्रिणीच्या आईनं मला तीन आठवडे स्वतःच्या घरी ठेवलं, रोज रात्री दाराला आतून कडी घालून माझ्या शेजारी अंथरूण टाकायची. त्या काकूंचे उपकार मी कसे फेडणार?

विसाव्या दिवशी चुलत्यांनी हरकतीचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'मुलगा आमच्या जातीचा नाही'. अधिकारी बाईंनी सगळ्यांसमोर वाचून सांगितलं की कायद्यात हरकतीची कारणं ठरलेली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं, संमती देण्याइतकी मनाची स्थिती नसणं. जात त्यात नाही. हरकत निकालात निघाली, तीन साक्षीदारांसमोर सही झाली. साक्षीदारांत त्या काकू होत्या.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना एक नक्की सांगते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून. राहायची जागा, पैसे, साक्षीदार आधी पक्के करा, मग नोटीस द्या.

कुळागर
गोव्यात तऱ्हा वेगळी. इथे हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना मुळात एकच पोर्तुगीजकालीन नागरी कायदा आणि, चर्चमध्ये लग्न लावणारे सोडले तर, तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या. पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार हे सांगणं. मग नोटीस लागते, कुणाची हरकत नसली की ठरल्या मुदतीत दुसरी सही. ती झाली की कायद्यानं लग्न.

माझ्या भावानं पहिली सही मारली, फोंड्याला थाटात लग्न झालं, पंधरा दिवसांत तो आखातात कामाला. दुसरी सही राहिली, आणि घरात सगळ्यांना वाटलं की एकदा सही झाली म्हणजे झालं. वहिनीच्या व्हिसासाठी दाखला काढायला गेलो तर लग्नाची नोंदच नाही! पहिल्या सहीची मुदत कधीच गेलेली. भाऊ रजेवर आला तेव्हा दोन्ही सह्या नव्यानं केल्या. आता त्यांच्या दाखल्यावरची तारीख मुलीच्या जन्मानंतरची आहे. वहिनी तो दाखला कुणाला दाखवायला लागला की मान खाली घालते. तिची ह्यात काय चूक?

वसईची लेक
आजीचं लग्न चर्चच्या रजिस्टरात मिळालं, एका सकाळीत. पण नोंद लॅटिनमध्ये आणि आजीचं घरातलं नाव तिथे नाही, बाप्तिस्म्याचं नाव आहे. शोधायला जाताना ते माहीत करून घ्या.

दूरदेशी
मी टेक्सासमधल्या एका ग्रामीण काउंटीत डॉक्टर आहे. जवळचं मोठं शहर गाडीनं अडीच तास. आम्ही दोघांनी लग्न इथेच नोंदवून घेतलं, वैदिक विधी पुढच्या डिसेंबरात साताऱ्याला.

इथे उलट आहे. आपल्याकडे बहुतेक लग्न आधी आणि नोंद मागून, इथे परवाना आधी. काउंटी क्लार्ककडे दोघांनी ओळखपत्रं घेऊन जायचं, शपथ घेऊन अर्जावर सही करायची, फी भरायची. टेक्सासात परवाना मिळाल्यावर 72 तास थांबावं लागतं (राज्यानं मान्य केलेला विवाहपूर्व वर्ग केला असेल तर माफ) आणि 90 दिवसांत लग्न लागलं पाहिजे. लग्न लावणारा परवान्यावर सही करून तो क्लार्ककडे परत देतो, तेव्हा नोंद पुरी. आमचं लग्न लावणाऱ्यांनी तो गाडीत विसरला होता. मी तीन आठवड्यांनी सहज फोन केला म्हणून कळलं. फोन करा, लाजू नका.

जुनी नोंद शोधणाऱ्यांसाठी : परवाना राज्यातल्या कुठल्याही काउंटीतून घेता येतो आणि नोंद तिथेच राहते, लग्न कुठेही लागलेलं असो. राज्याच्या कार्यालयाकडे 1966 पासूनची सूची आहे, ते लग्न झाल्याचं पत्र देतात, पण प्रमाणित प्रत त्या काउंटीच्या क्लार्ककडेच. एका वयस्क शेजाऱ्यांसोबत त्यांच्या आईची नोंद बघायला गेलो होतो. क्लार्कबाईंनी कापडी बांधणीचा जाडजूड ग्रंथ टेबलावर ठेवला. मला आमच्या तलाठी कार्यालयातली दप्तरं आठवली.

आमचा एक प्रश्न अजून आहे. साताऱ्याच्या पत्रिकेवर डिसेंबरची तारीख, काउंटीच्या कागदावर मार्चची. माझ्या सासूबाईंना मार्चची तारीख कुठेही लिहिलेली आवडत नाही. पण सरकारी कागदावर आम्ही मार्चचीच लिहितो.

निळी पहाट
आमच्याकडे लग्न बौद्ध पद्धतीनं. ग्रामपंचायतीतल्या माणसानं 'भटजीची सही कुठंय' विचारलं. बौद्धाचार्यांनी लग्न लावलंय, त्यांचीच सही आहे, असं वडिलांनी शांतपणे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा वडील खुर्ची ओढून तिथेच बसले. घेतला अर्ज.

पाणंद
निळी पहाट, वडिलांना माझा जयभीम सांगा.

माळरान
हा धागा वाचून आई-वडिलांचा विषय घरात काढला. दोघं हयात आहेत, लग्न 1975 चं, नोंद नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम 15 खाली आधी झालेल्या लग्नाची नोंद करता येते. त्यालाही 30 दिवसांची जाहीर नोटीस आणि तीन साक्षीदार. वडील म्हणाले, ह्या वयात आमची नोटीस लावून काय हसं करतोस. आईनं मात्र चार दिवसांनी ट्रंकेतून लग्नातला शालू काढून उन्हात टाकला, म्हणजे तिचं ठरलं.

काल सह्या झाल्या. साक्षीला मामा, शेजारचे गुरुजी आणि आईची मैत्रीण, तिघंही त्या लग्नाच्या पंगतीत जेवलेले. आई साक्षरता वर्गात सही शिकली ती लग्नानंतर पंधरा वर्षांनी. काल रजिस्टरात तिनं वेळ घेऊन पूर्ण नाव लिहिलं, मागचे लोक थांबले होते तरी.

धागाकर्त्या ताई, तुमच्या आईंना नमस्कार.