साथीच्या दिवसांत आईला चिखलदऱ्याला नेलं, ते चुकलं का?

त्रिमूर्तीनगर

परवा जेवताना धाकट्या भावाने पुन्हा तोच विषय काढला. जानेवारी २०२१ मध्ये आम्ही आईला आणि पोरांना घेऊन चिखलदऱ्याला चार दिवस राहिलो होतो. भाऊ त्याला आजही बेजबाबदारपणा म्हणतो. मी अर्ध्या ताटावरून उठलो. राग शांत झाला, पण प्रश्न काही जाईना, म्हणून इथे लिहून राहिलो आहे.

तेव्हाची परिस्थिती सांगतो. नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. तेव्हापासून दहा महिने आई दोन खोल्या आणि एका गॅलरीत होती. वय ७४, साखरेचा त्रास, बाबा वर्षभरापूर्वीच गेलेले. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. पहिली ते चौथीच्या शाळा बंदच होत्या, त्यामुळे मुलाने पहिलीचा वर्ग फक्त मोबाईलवर पाहिला. डिसेंबरात आईचं बोलणंच कमी झालं. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची आणि सोसायटीच्या बंद गेटकडे बघत बसायची. हातातला चहा तसाच थंड व्हायचा, वर साय धरायची. तिचं माहेर अचलपूरचं. एकदा एवढंच म्हणाली, "एकदा दरा पाहू दे रे मला."

आम्ही पाचही जणांनी आरटीपीसीआर केली. केंद्रावर जाऊन नमुना दिला तर तेव्हा ७०० रुपये पडायचे. नमुना दिल्यानंतर आठ दिवस कोणी घराबाहेर पडलं नाही. गाडी स्वतःची. नागपूरहून चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पण वाटेत एकाही हॉटेलात थांबलो नाही. पुऱ्या, तिळाची चटणी आणि पाण्याची कॅन सोबत होती. वस्तीपासून थोडं दूर एक लाकडी कॉटेज घेतलं होतं, त्यात आम्हीच. राखणदाराची बायको दोन वेळचं जेवण करून पायरीवर डबा ठेवायची, आम्ही ती गेल्यावर उचलायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवी पॉइंटला गेलो. दरीतून धुकं वर येत होतं. आई एका दगडावर बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि गाविलगड कोणत्या अंगाला, भीमाने कीचकाला मारून कुठे टाकलं, ते पोरांना सांगत राहिली. अर्धा तास. दहा महिन्यांत ती सलग इतकं बोलली नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. काळजी घेऊन, एकाच कुटुंबाने, उघड्या हवेत जाणं ही चूक नव्हती. ज्यांना चूक वाटते त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

रात्रपाळी

मी सांगते. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं मी सरकारी रुग्णालयात कोविड वॉर्डात परिचारिका होते.

७०० रुपयांचा तो अहवाल नमुना दिला त्या दिवसापुरताच खरा असतो. तुम्ही नंतर आठ दिवस घरात राहिलात, हे बाकीच्यांपेक्षा पुष्कळ बरं केलंत. पण तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये तुम्ही पाच जणच आहात. राखणदाराच्या बायकोची तपासणी कोणी केली? ती दोन वेळा तुमच्या पायरीशी येत होती. तिच्या घरी किती माणसं होती, त्यांत म्हातारं कोण होतं, विचारलं होतं का?

चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. माणूस जास्त आजारी झाला की घाट उतरून अचलपूर, तिथून पुढे अमरावती. तुमच्या आईला रात्री धाप लागली असती तर त्या अंधारात, धुक्यात घाट उतरायला किती वेळ लागला असता? आणि त्या बाईला लागली असती तर तिच्याकडे गाडी तरी होती का?

माझी आई वरुडला होती. मी सात महिने तिच्याकडे गेले नाही. गॅलरी तिच्या घराला नाही, ओसरी आहे. तीही तिथे बसून रस्त्याकडेच बघायची.

काटोल रोड

मला त्रिमूर्तीनगर यांचं पटतं. साथ आली की माणसं गाव सोडून मोकळ्या जागी जातात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माझी पणजी प्लेगच्या दिवसांतलं सांगायची. घरात उंदीर पडले की दुसऱ्या दिवशी घराला कुलूप, आणि सगळं कुटुंब शेतात कुडाच्या झोपडीत. महिना-दोन महिने तिथेच चूल, तिथेच निजणं. त्याला कोणी बेजबाबदार म्हटलं नाही, सरकारही तेच सांगत होतं. कोंदट घरापेक्षा मोकळी हवा बरी हे त्या माणसांना कळत होतं. २०२० मध्ये मात्र आपण फ्लॅटची दारं लावून बसलो.

वर्धा नदीकाठ

प्लेगचं उदाहरण इथे लागू होत नाही, आणि का होत नाही ते नीट पाहू.

ती माणसं स्वतःच्या शेतात गेली. धान्य स्वतःचं, विहीर स्वतःची, भाकरी घरच्याच बाईने थापलेली. साथ सरेपर्यंत परतली नाहीत. दुसऱ्या गावात चार दिवस राहून, तिथल्या माणसाकडून रांधून घेऊन, पुन्हा आपल्या गावात आली असती तर त्या गावाने त्यांना शिवेवरच अडवलं असतं. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरायचा, त्यामुळे उंदरांचं घर सोडलं की धोका मागे राहायचा. कोविड माणसाच्या श्वासात होता. माणूस जिथे जाईल तिथे तोही जाणार. सोबत धोका घेऊन निघालेल्याला 'मोकळ्या हवेत गेलो' एवढंच म्हणून चालत नाही.

घाटातली गाडी

मी परतवाडा-चिखलदरा गाडी चालवतो. हे सारे शहरातले लोक आमच्यासाठी भांडून राहिले, आमाले कोणी विचारत नाई, म्हणून लिवतो.

२०२० चा पावसाळा आमचा अख्खा बुडाला. पावसाळ्याच्या तीन महिन्यांवर आमचं वर्षभराचं भागते. त्या साली घाटात माणूस नोता. गाडीचा हप्ता रिझर्व बँकेनं सहा महिने पुढं ढकलू देल्ला, पण व्याज काई थांबलं नाई, ते वाढतच गेलं. बायकोच्या कानातले मोडले. दिवाळीनंतर नागपूर-अमरावतीचे लोक याले लागले, तवा कुठं घरात तेलाची पिशवी आली.

कॉटेज राखणाऱ्याले महिन्याचा पगार बहुतेक ठिकाणी नसते. पाहुणा आला तं पैसा. तुमी त्याच्या बायकोच्या हातचं जेवले, त्याचे पैसे देल्ले, तेवढे दिवस त्याचं घर चाललं. ताई, तुमचं खरं आहे, आमाले भेव होतंच. पण भेव दोन होते. एक बिमारीचं अन् एक उपाशी मरायचं. दुसरं रोज दिसत होतं.

आश्रमशाळा

गाडीवाल्या दादांचं दुःख खोटं नाही. मी त्याच तालुक्यात आश्रमशाळेत शिकवतो, आणि तरी मी विरुद्ध बाजूला आहे.

तारखा पाहा. त्रिमूर्तीनगर जानेवारीत येऊन गेले. फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यातले आकडे झपाट्याने चढले, आणि २२ फेब्रुवारीच्या रात्री आठपासून अमरावती आणि अचलपूर ही शहरं बंद करावी लागली. नागपूर बंद झालं त्यानंतर, १५ मार्चला. त्यांनी साथ आणली असं मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण डिसेंबर-जानेवारीत दर शनिवारी-रविवारी गाड्यांची रांग लागायची, आणि त्यातला प्रत्येक जण हेच सांगायचा की आम्ही काळजी घेतली आहे.

मे महिन्यात पाड्यांवर काय झालं ते मी पाहिलं. ताप आलेला माणूस तपासणीला यायचा नाही, कारण एकदा नेलं की परत येत नाही अशी भीती बसलेली. आरोग्य सेविका आली की लोक रानात निघून जायचे. लसीचं कोरकू भाषेत समजावून सांगावं लागलं, तेव्हा कुठे थोडी माणसं दंड पुढे करू लागली. त्या पाड्यांवर कोणाला काय झालं आणि कशाने झालं याची सगळी नोंद कुठेच नाही. आकड्यांत ती माणसं आलीच नाहीत. म्हणून 'काही झालं नाही' हे वाक्य तुम्हाला नागपुरात बसून इतक्या सहज म्हणता येतं.

सक्करदरा

मी नियम पाळणाऱ्यांपैकी आहे. सगळे पाळले. बाबांना पंधरा महिने घराबाहेर जाऊ दिलं नाही. त्यांचा पहाटे बागेत फिरणारा सहा जणांचा गट होता, तो सुटला. नातू दारातूनच हात हलवायचा. कोविड त्यांना झालाच नाही. पण त्यांनी हळूहळू जेवण सोडलं, मग अंथरूण धरलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गेले. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे.

शेवटच्या महिन्यात त्यांना रामटेकला जायचं होतं. गडावर नाही, नुसतं खाली अंबाळा तलावाच्या काठावर बसायचं होतं. पन्नास किलोमीटर. मी म्हटलं, तिसरी लाट येणार म्हणतात, थोडं थांबू. दादा, तुमची आई त्या दगडावर बसून बोलली ना? मग भावाचं मनावर घेऊ नका.

रात्रपाळी

सक्करदरा, तुमचं वाचून माझे हात थांबले. बाबांना कोंडून ठेवायला हवं होतं असं मी कुठेच म्हणत नाही. पण रामटेक आणि चिखलदरा यांत फरक आहे. अंबाळ्याच्या काठावर बाबा तासभर बसले असते आणि संध्याकाळी स्वतःच्या अंथरुणात निजले असते. कोणाला त्यांच्यासाठी रांधावं लागलं नसतं. त्रिमूर्तीनगर यांच्या आईलाही पहाटे फुटाळा तलावाच्या काठाने रोज फिरवता आलं असतं. आपण दोन टोकंच धरली, एक तर गॅलरी नाहीतर डोंगर.

काटोल रोड

फुटाळ्याला रोज शेकडो माणसं फिरतात, तिथे गर्दीत नेणं बरं आणि निर्जन डोंगरावर नेणं वाईट, हे मला अजूनही पटत नाही. त्यांच्या आईला नुसतं फिरायचं नव्हतं, माहेरची जागा पाहायची होती. ७४ व्या वर्षी 'पुढच्या वर्षी नेऊ' म्हणणं सोपं नसतं. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या काकांना नागपुरात खाट मिळाली नाही, आम्ही त्यांना अमरावतीला नेलं आणि तिथेच ते गेले. जानेवारीत ते ठणठणीत होते.

त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचं वाचलं. रात्रपाळी ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतो.

पायरीवर डबा ठेवायची, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा दिसेना. शोधत गेलो तर तो मागच्या बाजूला त्यांच्या खोलीत चुलीपुढे बसलेला. ती बाई भाकरी थापत होती आणि त्याला पिठाची चिमणी करून दिली होती. राखणदाराची म्हातारी आई शेजारी शेकत बसली होती. खोलीला एकच दार, खिडकी नाही, थंडीमुळे दारही लोटलेलं. कोणाच्याच तोंडाला काही नव्हतं. मी त्याला उचलून आणलं नाही. दहा महिन्यांत तो पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या घरात बसला होता. मीही दाराशी उभा राहिलो, मग आत जाऊन बसलो. आम्ही पाऊण तास तिथे होतो.

ही गोष्ट मी भावाला कधी सांगितली नाही. वरच्या पोस्टमध्येही लिहिली नाही.

रात्रपाळी

लिहिलंत हे बरं केलंत. त्या काळात आपण सगळे भाज्या सोड्याच्या पाण्यात धूत होतो, दाराच्या कड्या पुसत होतो. बंद खोलीतली हवा हाच मोठा धोका आहे हे जागतिक आरोग्य संघटनेनेही एप्रिल २०२१ च्या शेवटीच स्पष्ट लिहिलं. तुम्ही डब्याला जपलं आणि चुलीपाशी बसलात, त्यात तुमचा वाईट हेतू मला दिसत नाही. पण ती म्हातारी कशी आहे ते मला जाणून घ्यायचं आहे.

घाटातली गाडी

भाऊ, नंबर असन तं फोन करा. नसन तं कॉटेज कोणत्या अंगाले ते मले कळवा, मी रोज वर जातो.

आश्रमशाळा

फोन केलात तर फक्त 'सगळे बरे ना?' असं विचारू नका. इकडची माणसं 'हो बरे' म्हणतात आणि विषय संपतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात कोणाला ताप आला होता का, असं विचारा.

त्रिमूर्तीनगर

जुन्या मोबाईलमध्ये नंबर निघाला. काल रात्री लावला. राखणदाराने ओळखलं, मुलाचं नाव घेऊन विचारलं, तो आता केवढा झाला. मग मी गुरुजींनी सांगितलं तसं विचारलं.

आम्ही निघाल्यावर दोन आठवड्यांनी त्याच्या आईला ताप आला होता. आठ-नऊ दिवस होता. तपासणी केली नाही, घरीच काढा दिला. ती उठली, पण तेव्हापासून चढ चढायला लागली की दम लागतो, म्हणून लाकडं आणायला जात नाही. त्या महिन्यात आमच्यानंतर आणखी चार कुटुंबं येऊन गेली, असं तोच म्हणाला. मी विचारलं नव्हतं. मला हलकं वाटावं म्हणून म्हणाला असेल, किंवा खरंच तसं असेल.

मी आईला हे सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "त्या म्हातारीने मला सांडशी दिली होती शेकोटीतला निखारा उचलायला." मला हे माहीत नव्हतं. म्हणजे आईही त्या खोलीत जाऊन आली होती.

पुढच्या शनिवारी मी आणि भाऊ, दोघंच वर जाऊन राहिलो आहोत. म्हातारीला खाली आणून अमरावतीला छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. गाडीवाले दादा, परतवाड्याहून तुमची गाडी मिळेल का? आमची लहान आहे, तिला पाय पसरून बसता यायला हवं.

घाटातली गाडी

भेटन. सकाळी सातले जयस्तंभावर या. भाड्याचं मंग पाहू.